छत अडकण्यापूर्वीचे ४१ तास

२००२च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने झेड-४ ही दोन सीटची उघडी गाडी लोकांसमोर आणली. २००८ पर्यंत ती अमेरिकेत, साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात तयार होत होती. जाणकार तिला ई-८५ या कंपनीच्या सांकेतिक क्रमांकाने ओळखतात. छत कापडी. बटण दाबलं की साधारण दहा सेकंदांत ते सीटमागे जाऊन बसतं. घडी अशी बेतलेली, की छताचा पुढचा भागच वर राहून झाकणाचं काम करतो. ब्रिटनच्या सेकंडहँड बाजारात ही गाडी आजही दिसते आणि हौशी लोक ती आवडीने घेतात.

छत उचलणारी ताकद तेलाच्या दाबाची. विजेची मोटर, तेलाचा पंप आणि तेलाची टाकी असं एकच युनिट, आवाज दबावा म्हणून काळ्या फोमच्या कवचात गुंडाळलेलं. ते बसवलंय कुठे, तर डाव्या सीटच्या मागे, छताच्या खोल खणात, अगदी तळाला. छतावरून ओघळलेलं पाणी याच खणात उतरतं आणि तळाच्या ड्रेनमधून रस्त्यावर जातं. म्हणजे पाण्याची वाट आणि मोटरची जागा एकच. वाट मोकळी आहे तोवर काही बिघडत नाही.

पुढचा घटनाक्रम कुण्या एका गाडीचा नाही. या गाडीच्या अनेक मालकांवर जे ओढवलं, ते मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारात बसवून दाखवलं आहे. ठिकाण मँचेस्टरच्या दक्षिणेचं एक उपनगर. गाडी रस्त्याच्या कडेला, बर्चच्या झाडाखाली उभी असते. मालकाने ती गेल्या ऑक्टोबरात घेतली. इंजिन, टायर, कागदपत्रं सगळं तपासून घेतलं. छत दोनदा उघडून-मिटून पाहिलं. ड्रेन कुठे आहे हे त्याने विचारलं नाही आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही.

शुक्रवार, रात्री ९. आणखी ४१ तास

पाऊस सुरू होतो. मुसळधार वगैरे काही नाही, इंग्लंडचा नेहमीचा, रात्रभर रेंगाळणारा.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छत दीड चौरस मीटर धरलं आणि रात्रभरात पंधरा मिलिमीटर पाऊस धरला, तर बावीस-तेवीस लिटर झालं. काही काचेवरून, काही दारांवरून निघून जाईल. बाकीचं छताच्या मागच्या कडेच्या पन्हळीतून दोन्ही बाजूंच्या खणांत उतरेल. डाव्या वाट्याला बादलीचा तळ भरेल इतकं आलं तरी पुरे आहे.

उजव्या बाजूचं पाणी मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखालून टपटपायला लागतं. डाव्या बाजूचा रस्ता कोरडाच आहे. भर पावसात कोण वाकून बघतो?

डावा ड्रेन काही आजच तुंबलेला नाही. नोव्हेंबरात पानं गळली, त्यांचा चुरा झाला. एप्रिलमध्ये बर्चचे तुरे झडले, त्यांचे पिवळट कण ओल्या चुऱ्यात बसले. छताच्या कापडाचे तंतू आणि रस्त्याची धूळ त्यात मिसळून नळीच्या तोंडाशी काळ्या चिखलाचा बूच झाला. गच्चीच्या पावसाळी नळीत दर जूनमध्ये जे सापडतं, तेच इथे बोटभर जाडीच्या नळीत सापडलं असतं.

शनिवार, पहाटे ३. आणखी ३५ तास

खणातलं पाणी फोमच्या कवचापर्यंत पोहोचतं. आवाज शोषायला घातलेला फोम आता पाणी शोषतो, आणि एकदा भिजला की आठवडा-आठवडा सुकत नाही. म्हणजे पाणी ओसरलं तरी मोटर ओल्या कापडात बांधून ठेवल्यासारखी राहणार.

या युनिटमध्ये मरते ती मोटर. पंपाला फारसं काही होत नाही, कारण तो तेलात असतो आणि तेल बंदिस्त असतं. मोटरचं तसं नाही. तिच्यात पोलादी दांडा आहे, बेअरिंग आहे, तांब्याच्या तारांचं आर्मेचर आहे आणि त्याला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश आहेत. पाणी आत शिरलं की बेअरिंगवर गंज चढतो, ब्रश आपल्या खाचेत फुगून अडकतात, झिजलेल्या कार्बनची भुकटी ओली होऊन तिचा लगदा होतो. पहिल्या भिजण्यात मोटर मरत नाही. गेल्या सहा महिन्यांत ती बऱ्याचदा भिजली आहे, ही तिची शेवटची खेप.

शनिवार, सकाळी १०. आणखी २८ तास

ऊन पडतं. मालक भाजी आणायला निघतो. पहिल्याच वळणावर सीटमागे खळखळ ऐकू येते. त्याला वाटतं, डिकीत पाण्याची बाटली घरंगळतेय. सिग्नलला ब्रेक मारल्यावर पुन्हा तसाच आवाज. घरी येऊन तो डिकी उघडतो. बाटली नाही. काच आतून धुरकटलेली आहे, ती पुसून तो विषय संपवतो.

वाचायची पहिली आणि सगळ्यांत स्वस्त संधी ही होती. उघड्या गाडीत वळताना पाण्याचा आवाज आला, तर पाणी जिथे नको तिथे साठलंय याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही. उपाय अर्ध्या तासाचा आहे. इंजिन चालू ठेवून छत अर्ध्यावर, उभं थांबवायचं. मग इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची, कारण आपला हात सांध्यांत असताना दुसऱ्या कुणी बटण दाबलं तर बोटं जातील. टॉर्च घेऊन सीटमागच्या खणात बघायचं. पाणी असेल तर स्पंजने, नाहीतर प्लॅस्टिकच्या नळीने उपसून काढायचं. हाताला लागेल तेवढा पाचोळा वेचायचा. मग गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी ड्रेनच्या तोंडातून हलक्या हाताने पुढेमागे करायची. लोखंडी तार नको, ती नळीला भोक पाडते. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्या जोराने नळी आतल्या आत निसटली तर पाणी पुढे कुठे जाईल सांगता येत नाही.

शेवटी मगभर स्वच्छ पाणी खणात ओतायचं आणि खाली वाकून बघायचं. काही सेकंदांत मागच्या चाकापुढे धार लागली, तर काम झालं. थेंबथेंब आलं तर पुन्हा दोरी. काहीच आलं नाही तर गाडी गॅरेजला न्यायची आणि तोवर झाडाखाली लावायची नाही.

मालक मात्र भाजीच्या पिशव्या घेऊन घरात गेला.

शनिवार, दुपारी १. आणखी २५ तास

ऊन टिकलंय म्हणून तो छत उघडून पाहतो. उघडतं. पण एरवी दहा सेकंद लागायचे, आज पंधरा तरी लागले. आवाजही बदललाय. एरवीच्या बारीक घूं ऐवजी जड, कण्हल्यासारखा सूर. ‘थंडीने तेल घट्ट झालं असेल,’ असं तो शेजाऱ्याला सांगतो. शेजारी मान डोलावतो. मे महिन्यात, बाहेर अठरा अंश तापमान असताना दोघांनाही हे पटतं.

दाबाने चालणारं छत हळू झालं की तीनच शक्यता असतात. बॅटरी उतरलीय, तेल कमी झालंय किंवा मोटर जड झालीय. पहिली तपासायला पैसे पडत नाहीत: इंजिन चालू करून छत हलवायचं. ही मोटर सुरू होताना बॅटरीतून भरपूर वीज ओढते. इंजिन बंद ठेवून सारखं छत हलवणारे मालक बॅटरी आणि मोटर दोन्हींचं आयुष्य कमी करतात. इंजिन चालू असूनही छत मंद आहे आणि तेलाची गळती दिसत नाही, तर मग मोटरच. जॅम होऊ लागलेली मोटर तेवढंच काम करायला जास्त वीज खाते, जास्त तापते आणि तापल्याने आणखी लवकर जाते.

छताला यंत्र जोडायची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत प्लिमथने १९३९ साली व्हॅक्यूमवर चालणारं कापडी छत विकायला आणलं. १९५७ साली फोर्डच्या स्कायलायनरचं अख्खं पत्र्याचं छत डिकीत जाऊ लागलं, आणि त्यासाठी गाडीत सहाशे फुटांहून जास्त वायर घालावी लागली. यंत्रं पुढे सुधारत गेली, पण कापडावर पडलेल्या पाण्याला खाली जायला भोकच लागतं, त्यात बदल झाला नाही. माझदाची एमएक्स-५ घ्या. पहिल्या पिढीत छत हाताने ओढायचं, मोटर नावाला नाही. तरी तिचे ड्रेन तुंबले की दाराखालच्या पत्र्याच्या पेटीत पाणी साठतं आणि ती आतून कुजते. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरचे ड्रेन तुंबले की डाव्या सीटखालचं इमोबिलायझरचं कंट्रोल युनिट भिजतं आणि धडधाकट इंजिनाची गाडी सुरूच होत नाही. झेड-४ मध्ये पाण्याच्या वाटेत मोटर होती, म्हणून मोटर गेली.

शनिवार, संध्याकाळी ६. आणखी २० तास

उद्या फिरायला जायचं म्हणून मालक गाडी धुतो. जेट वॉशरने. मागच्या काचेच्या कडेला, छताच्या पन्हळीत पिवळी घाण बसलेली दिसते, तिथे तो नळी जवळ नेऊन जोरात फवारा मारतो. घाण नाहीशी होते. गेली कुठे? डाव्या खणात, चिखलाच्या बुचावर आणखी एक थर होऊन.

कापडी छताच्या गाडीवर जेट वॉशर वापरू नये असं मालकाच्या पुस्तकात बहुतेक कंपन्या सांगतात. कापडाची वीण आणि शिवण उसवते हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आपल्यापुढे घडतंय. पन्हळ धुवायची नसते, वेचायची असते: मऊ ब्रश, कोरडा व्हॅक्यूम, नाहीतर नुसती बोटं.

रविवार, सकाळी ९. आणखी ५ तास

निघायची वेळ. इंजिन चालू. मालक बटण दाबतो. सीटमागून ‘टक्’ असा रिलेचा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. तो बटण सोडून पुन्हा दाबतो. टक्. तिसऱ्यांदा मोटर गुरगुरते आणि छत हळूहळू मागे जातं.

‘चाललं!’ तो बायकोला म्हणतो.

सबंध घटनाक्रमातली सगळ्यांत महाग चूक इथे आहे. रिलेची टक् म्हणजे हुकूम पोचला, वीज गेली, पण मोटर फिरली नाही. दोनदा न फिरता तिसऱ्यांदा फिरलेली मोटर दुरुस्त झालेली नसते, तिच्यात एवढाच जीव उरलेला असतो. आणि तो शेवटचा जीव मालकाने छत उघडण्यात खर्च केला. छत मिटलेलं असताना मोटर गेली तर तुमच्याकडे एक साधी बंद गाडी उरते; वर्षभर चालवा, काही अडत नाही. उघडं असताना गेली तर डोक्यावर आकाश उरतं. म्हणून छताबद्दल शंका आली की ते मिटवायचं आणि गॅरेज होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

रविवार, दुपारी १२. आणखी २ तास

बक्स्टन ते मॅकल्सफिल्ड, ए-५३७. ‘कॅट अँड फिडल’ नावाने ओळखला जाणारा हा घाटरस्ता पीक डिस्ट्रिक्टच्या उघड्या माळावरून जातो. पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर, झाड नाही, आडोसा नाही. उघडी गाडी घ्यावी ती अशा रस्त्यासाठी. दोघं खूश आहेत. पश्चिमेला, चेशायरच्या सपाटीवर, ढगांची राखाडी कड दिसते. सरी येतील असं हवामान खात्याने सकाळीच सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये ते रोजच सांगतं.

रविवार, दुपारी १.५०. आणखी १० मिनिटं

पहिले थेंब. चालत्या गाडीत पुढच्या काचेवरून वाहणारा वारा थेंबांना डोक्यावरून मागे नेतो, त्यामुळे थोडा वेळ ‘अजून भिजलो कुठे’ असं वाटत राहतं. मग पुढे सायकलवाल्यांची रांग लागते, वेग उतरतो, आणि वरचा पाऊस थेट मांडीवर येतो. मालक रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवतो.

रविवार, दुपारी २. शून्य

बटण. टक्. पुन्हा बटण. टक्. चौथ्या वेळी मोटर ओढ घेते, छत निम्मं उभं राहतं आणि थांबतं. बटणावरचा लाल दिवा लुकलुकतो. आता ते पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही. वारा त्या अर्धवट उभ्या कापडाला झोडपतोय. मालक बटण दाबतच राहतो. दहाव्या-बाराव्या वेळी सीटमागून जळका वास येतो. आर्मेचर अडकलेलं असताना मिळालेली सगळी वीज उष्णतेत गेली आणि तारांवरचं इन्सुलेशन करपलं. इथवर मोटर उघडून, ब्रश-बेअरिंग बदलून कदाचित परत आली असती. आता नवीच लागणार.

दोन प्रयत्नांत चाललं नाही तर बटण सोडावं. पुढचं काम हाताचं. मालकाच्या पुस्तकात छत आपत्कालीन रीतीने मिटवायची पद्धत दिलेली असते, आणि ती पहिल्यांदा वाचायची वेळ पावसात येऊ नये. या गाडीत दोघांनी दोन्ही बाजू धरून छत संथपणे पुढे ओढायचं. सिलिंडरमधलं तेल सावकाश सरकतं, म्हणून हिसका द्यायचा नाही. मग काचेच्या कडेशी आणून पुढचा लॅच टूलकिटमधल्या ॲलन कीने फिरवून बसवायचा. ॲलन की गाडीत आहे ना, हे सेकंडहँड गाडी घेतानाच बघायचं. या गाडीच्या टूलकिटमध्ये ती नव्हती.

रविवार, दुपारी ४. दोन तासांनंतर

रिकव्हरी ट्रक येतो. ड्रायव्हरने छत दोरीने बांधलंय, वरून प्लॅस्टिक टाकलंय. सीट भिजलेत, गालिच्याखालचा फोम भिजलाय. सीटमागच्या पाण्याची कुणाला आठवणही नाही.

त्यानंतरचा मंगळवार

गॅरेजवाला छत हाताने उभं धरून सीटमागच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालतो आणि फोमचं कवच ओढून काढतो. पिळल्यावर त्यातून चहाच्या रंगाचं पाणी निघतं. मोटरचं टोक तांबूस, दांडा बोटांनी फिरवून फिरत नाही. पंप ठीक आहे, तेल ठीक आहे, सिलिंडर ठीक आहेत.

अधिकृत सर्व्हिस सेंटरची रूढ पद्धत अशी, की मोटरपर्यंत नीट पोहोचायला अख्खं छत उतरवायचं. त्यात मजुरीच इतकी होते की बिल चार आकडी पौंडांत जातं, जुन्या झेड-४ च्या किमतीचा मोठा हिस्सा. म्हणून ब्रिटनमधल्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांनी दुसरी वाट काढली. छत न उतरवता युनिट फटीतून काढायचं, नवी मोटर लावायची, वायर लांबवायची आणि सगळं युनिट डिकीतल्या कोरड्या जागी नेऊन बसवायचं. पुन्हा ड्रेन तुंबला तरी मोटर बुडत नाही. ज्यांची मोटर अजून चालते, तेही शहाणपणाने हे काम आधीच करून घेतात. कारखान्याने मोटर पहिल्यापासून तिथेच ठेवायला हवी होती, हे मग कुणी वेगळं सांगावं लागत नाही. २००९ मध्ये आलेल्या पुढच्या झेड-४ ला कापडाऐवजी पत्र्याचं घडीचं छत मिळालं. ड्रेन साफ करायचं काम त्याही मालकांना सुटलं नाही.

मोटर हलवली तरी ड्रेन विसरून चालत नाही. वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर आणि वसंतातले तुरे झडल्यावर, टॉर्च, दोरी आणि मगभर पाणी. छत ओलं असताना घडी करायची नाही. महिन्यातून एकदा, इंजिन चालू ठेवून, छत पूर्ण उघडायचं आणि मिटवायचं, कारण न फिरणारी मोटर लवकर जॅम होते. आणि उघडायला किती सेकंद लागले ते मोजायचं. दहाचे बारा झाले, की त्याच दिवशी सीटमागे बघायचं.

आपल्याकडे कापडी छताच्या गाड्या मोजक्याच. पण सनरूफ आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही आला आहे, आणि त्याचं शास्त्र हेच. सनरूफची काच पाणी पूर्ण अडवत नाही. कडेने आत आलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीतून कोपऱ्यांतल्या नळ्यांत जातं आणि खांबांच्या आतून खाली उतरतं. पुण्या-मुंबईत गाडी गुलमोहर किंवा सोनमोहराखाली उभी राहते, आणि या झाडांची पानं इतकी बारीक की ती त्या नळ्यांत सहज शिरतात. मग जुलैत एके दिवशी डोक्यावरच्या दिव्यातून पाणी गळतं, आणि आपण काचेचं रबर बदलायला धावतो. रबर बहुतेक वेळा निर्दोष असतं. मृग लागायच्या आधी एकदा सनरूफ उघडा, चौकटीतला पाचोळा ओल्या फडक्याने वेचा, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि ते गाडीखाली उतरतंय का, ते वाकून बघा.